थेरेसाची जागा

अमेरिकेहून परतल्यावर आमच्या सांडोर गावात ज्याने त्याने मला एकच विचारलं, नायगारा पाहिला का? नाही पाहिला. मोठाल्या इमारतीही पाहिल्या नाहीत. मी जिथे राहिले त्या गावात सर्वांत उंच वस्तू म्हणजे मका साठवायची पत्र्याची कोठी, आणि त्याखालोखाल चर्चचा मनोरा. बाकी सगळा मुलूख आडवा. त्या आडव्या मुलखात मी एका बाईची कबर शोधत हिंडले, आणि ती बाई तेव्हा माझी कोणीही लागत नव्हती.

मुळात मी गेले होते माझ्या मुलीला परत आणायला. हे मी निघताना कोणाला सांगितलं नाही, आता सांगते. ज्योती नर्स. मुंबईच्या इस्पितळातून नव्वद सालानंतर ती तिकडे गेली, "थोडी वर्षं फक्त, आई" असं म्हणून. मग पाय मोडून इस्पितळात आलेला एक शेतकऱ्याचा मुलगा तिला भेटला. पॉल त्याचं नाव. लग्न तिकडेच लागलं. ज्योतीचे वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले, मी त्यांच्या उशाशी. लग्नाचे फोटो आले ते त्यांनी झोपूनच पाहिले.

पुढे ते गेले. फोनवर ज्योती म्हणायची, "येऊ गं आम्ही. पॉलला वाडी आवडेल बघ." त्या भरवशावर मी आमची केळीची वाडी राखून ठेवली. शेजारच्या दोन वाड्यांवर इमारती उभ्या राहिल्या, दलाल आमच्याही ओटीवर येऊन चहा पिऊन गेले, पण मी बधले नाही. शेवटी मला वाटलं, फोनवर पोर गोड बोलते, समोर बसवून विचारावं. शाळामास्तरीण होते मी, समोर उभं राहून कोणी खोटं बोललं तर मला कळतं.

ओमाहाच्या पुढे

मुंबईहून निघून कुठे कुठे विमानं बदलली ते सांगण्यात अर्थ नाही. फक्त एक गंमत. अमेरिकेतल्या पहिल्याच विमानतळावर अधिकाऱ्याने माझी पिशवी उघडली. सोड्यांची, म्हणजे सुक्या कोलंबीची पुडी त्याने नाकाजवळ नेली आणि त्याचा चेहरा असा झाला की मलाच त्याची कीव आली. सोडे गेले. मग त्याच्या हाती सुकेळ्यांचं पुडकं लागलं, आपल्याकडे बांधतात तसं केळीच्या सुक्या पानात बांधलेलं. "माझ्या झाडांची केळी, उन्हात वाळवलेली," मी माझ्या शाळेतल्या इंग्रजीत सांगितलं. त्याने ते उलटंपालटं करून पाहिलं आणि परत दिलं. का दिलं, देव जाणे.

ओमाहा हे नेब्रास्का राज्यातलं मोठं शहर. तिथे ज्योती आणि पॉल न्यायला आले. गाडी शहराबाहेर पडली आणि मका सुरू झाला. पिकून वाळलेला, माणसाच्या डोक्यावरून जाणारा मका. तासाभराने विचारलं, "हे कोणाचं शेत?" पॉल म्हणाला, "हे? आतापर्यंत बारा जणांचं झालं, मम्मी." मला एकही माणूस दिसला नव्हता. आपल्याकडे वाडीत उभं राहून हाक मारली तर चार घरांतून ओ येते. इथे हाक मारायची कोणाला?

माझे व्याही ऑल्विन फाटकाशी टोपी हातात घेऊन उभे होते. उंच, जरा वाकलेले, अंगात स्वच्छ धुतलेला पण कोपरावर ठिगळ लावलेला सदरा. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. हृदयाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी ट्रॅक्टर बंद केलेला, त्यामुळे दिवसभर करायचं काय हा त्यांच्यापुढचा प्रश्न. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "इतक्या लांबून आलात." एवढंच. मला ते एकदम आवडले नाहीत. मुलगी ठेवून घेणारा माणूस एकदम कसा आवडेल?

जेवणात उकडलेले बटाटे, डुकराच्या मांसाचं सॉसेज आणि आंबवलेला कोबी. मनात म्हटलं, याच मांसाचं आमच्याकडे नाताळला आंबट-तिखट इंद्याल होतं, ते एकदा खाऊन बघा म्हणावं. जेवण झाल्यावर मी सुकेळी काढली. ऑल्विननी एक तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळत राहिले.

"माझी आजी नाशपाती अशीच वाळवायची," ते म्हणाले. "छपरावर. आम्ही पोरं चोरायचो."

"आमच्याकडेही चोरतात," मी म्हटलं.

मग ते बोलू लागले. त्यांचं लहानपणचं घर जर्मन बोलणारं. पुस्तकातलं जर्मन नव्हे, गावाकडची बोली. पहिल्या महायुद्धात तिकडे जर्मनवर वक्रदृष्टी झाली, शाळेत त्या भाषेवर बंदी आली, चर्चमधलं प्रवचनही इंग्रजीत होऊ लागलं. त्यांच्या आजोबांनी घरातसुद्धा आवाज खाली केला. आता ऑल्विनना त्या बोलीतली एक प्रार्थना आणि थोड्या शिव्या येतात. ज्योती माझ्याशी आमच्या घरच्या बोलीत बोलत होती, ते ऑल्विन कान देऊन ऐकत होते. म्हणाले, "ही तुमची पुस्तकातली भाषा नाही ना? चालीवरून कळतं."

नाल्याकाठचं जुनं घर

दुसऱ्या दिवशी मी ज्योतीला गाठलं. भांडी पुसत होती. सरळ विचारलं, "कधी येणार तू परत?"

"आई, आता लगेच नको ना. पप्पांचं थेरेसाचं एकदा होऊ दे. मग आपण बसून बोलू. प्रॉमिस."

पप्पा म्हणजे ऑल्विन. थेरेसाचं काय, ते त्यांनीच मला दुपारी सांगितलं. थेरेसा ही त्यांची पणजी. उत्तर जर्मनीतल्या एका खेड्यातून नवऱ्याबरोबर आलेली, जेमतेम वीस वर्षांची पोर. इथे तेव्हा झाड म्हणून नव्हतं, गवत नुसतं. गवताच्या मुळांसकट मातीच्या चौकोनी लाद्या कापायच्या आणि त्या एकावर एक रचून घर बांधायचं. लाकूड नाही म्हणून गुरांचं शेण वाळवून जाळायचं. "शेणी," मी म्हटलं. "आम्ही भिंतीवर थापतो." ते पहिल्यांदा हसले.

तिसऱ्या हिवाळ्यात थेरेसा बाळंतपणात गेली. मूल जगलं, ते ऑल्विनचे आजोबा. चर्च तेव्हा उभं राहायचं होतं, म्हणून तिला शेतातच पुरलं. नवऱ्याने दुसरं लग्न केलं, नव्या घरात नवी बाई आली आणि जुन्या बाईचं नाव घ्यायचं बंद झालं. लाकडी क्रूस होता तो गवताला लागलेल्या वणव्यात जळाला म्हणतात. आता त्या घराण्यातली सगळी माणसं चर्चच्या दफनभूमीत एका रांगेत निजली आहेत, आणि जिच्यापासून घराणं सुरू झालं ती कुठे आहे ते कोणाला ठाऊक नाही. आजोबांनी ऑल्विनना एवढंच सांगितलं होतं, की जुन्या घराजवळ आहे आणि तिथून नाला दिसतो.

ती जमीन मधल्या काळात विकली गेली होती. डेल नावाचा शेजारी ती कसत होता. जुन्या घराच्या जागी झाडांची एक राई उरलेली, आणि मक्याची कापणी झाली की डेल ती पाडणार होता. पाण्याचा लांबच लांब नळ चाकांवर शेतभर गोल फिरवायचा म्हणजे मध्ये झाड चालत नाही. डेल माणूस वाईट नव्हता. त्याने ऑल्विनना शोधायला कापणीपर्यंत मुदत दिली होती.

"कापणीनंतर ती कायमची मक्याखाली जाईल," ऑल्विन म्हणाले. "आणि मीही फार दिवसांचा नाही."

मी मनात म्हटलं, बरं आहे. लवकर सापडू दे बाई तुझी जागा, म्हणजे माझं काम सुरू होईल. इतकी आपमतलबी मी तेव्हा होते, लपवत नाही.

रोज सकाळी आम्ही त्या राईत जायचो. पॉल लोखंडी सळई जमिनीत खुपसत हिंडायचा, दगड लागला की सगळे जमायचे. एकदा चुलीचा दगड निघाला, एकदा घोड्याचा नाल. बुजलेल्या विहिरीच्या तोंडाशी माझा पाय घोट्यापर्यंत खचला आणि चप्पल आतच राहिली. "आमच्याकडे विहिरीला कठडा असतो," मी चिडून म्हटलं. ऑल्विन इतके घाबरले, की त्यांनी मला स्वतःच्या बायकोचे बूट आणून दिले. मोठे होते. पुढे कापड कोंबून तेच घातले.

त्या रविवारी चर्चमध्ये कापणीचं जेवण होतं. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना संपल्यावर तळघरात लांब टेबलं मांडली, प्रत्येक बाईने घरून एक पदार्थ झाकून आणलेला, आणि कोणाचा संपतो आणि कोणाचा उरतो यावर सगळ्यांचं बारीक लक्ष. अगदी आपल्यासारखं. एका म्हातारीने मला विचारलं, तुमच्याकडे चर्च आहे का? मी म्हटलं, तुमची माणसं या देशात उतरायच्या कितीतरी आधीपासून आहे. ज्योतीने टेबलाखालून माझा पाय दाबला. पण म्हातारीला आनंद झाला. तिने मला प्लमची वडी वाढली आणि थेरेसा सापडली का म्हणून विचारलं. सगळ्या गावाला ते माहीत होतं.

दिवस चालले होते. आजूबाजूच्या शेतांत कापणीची यंत्रं फिरू लागली. ऑल्विनचा श्वास थोडं चाललं तरी लागायचा. मग ते पडलेल्या खोडावर बसायचे आणि पॉलला हातानेच दिशा दाखवायचे. एके दिवशी मीही त्यांच्या शेजारी बसले होते. समोर सीडरच्या कोवळ्या काटेरी झाडांची दाटी, तण माजावं तशी. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तुमच्याकडे कबरीपाशी कोणतं झाड लावतात? आमच्याकडे चाफा. म्हणून तो कोणी दारात लावत नाही."

ऑल्विन म्हणाले, "सीडर. हिवाळ्यातही हिरवा राहतो म्हणून." मग थांबले. म्हणाले, "पण हे सगळे रानटी आहेत, पक्ष्यांनी पेरलेले. तेव्हा इथे सीडर नव्हता. नदीच्या घळीतून खणून आणावा लागायचा. एक रोप डोक्याशी, एक..."

वाक्य पुरं न करता ते उठले. आम्ही इतके दिवस जमिनीत दगड शोधत होतो, वर कोणी पाहिलंच नव्हतं. त्या कोवळ्या दाटीत दोन जुनी खोडं होती. एक वीज पडून अर्धं वाळलेलं, एक जिवंत. दोघांच्या मध्ये एका माणसाएवढं अंतर, आणि ते अंतर नेमकं पूर्व-पश्चिम, आपण माणूस निजवतो तसं. मधली जमीन किंचित खाली बसलेली. पॉलने फांद्या बाजूला केल्या तेव्हा खाली नाला दिसला.

ऑल्विन गुडघ्यांवर बसले आणि ती घरच्या बोलीतली प्रार्थना म्हणू लागले. शब्द कळले नाहीत, पण कुठे 'आमच्या स्वर्गीय बापा' आलं आणि कुठे 'आमेन' ते कळत होतं. मी माझ्या बोलीत म्हटली. ज्योती रडत होती. का कोणास ठाऊक, मलाही रडू आलं. थेरेसाच्या नवऱ्याने नदीवर जाऊन, थंडीत, दोन रोपं खणून आणली होती. म्हणजे तोंडाने नाव घेतलं नसेल, पण त्या माणसाने तिला टाकलं नव्हतं.

डेलला बोलावलं. त्याने टोपी काढली आणि म्हणाला, "झाडं ठेवता येणार नाहीत, ऑल्विन. पण इथे नांगर घालणार नाही, एवढा शब्द देतो." ऑल्विननी हाडं उकरायला नको म्हटलं. कॉफीच्या रिकाम्या डब्यात तिथली ओंजळभर माती घेतली. चर्चच्या दफनभूमीत घराण्याचा दगड आहे, त्याच्यापाशी ती पुरायची आणि दगडावर तिचं नाव घालायचं ठरलं. मृतांच्या दिवशी, दोन नोव्हेंबरला.

मी त्यांना आमच्याकडची रीत सांगितली. सांडोरला जागा कमी, माणसं फार. काही वर्षांनी तीच कबर दुसऱ्यासाठी उघडतात, जुनी हाडं काढून एका जागी ठेवतात. ज्योतीच्या वडिलांच्या जागीही आता दुसरं कोणी आहे. मृतांच्या दिवशी मी कुठे मेणबत्ती लावते? लावते अंदाजाने. ऑल्विन ऐकत होते. "मग नाव कुठे राहतं?" त्यांनी विचारलं. "आमच्या तोंडात," मी म्हटलं. तेव्हा मला ते उत्तर फार बाणेदार वाटलं होतं.

मृतांचा दिवस

त्या दिवशी वारा असा होता की मेणबत्ती लागेना. चर्चमागच्या उतारावर दगडांच्या रांगा, गवत कापलेलं, प्रत्येक दगडावर नाव. गावातली माणसं आपापल्या माणसांशी उभी होती. फादरनी माती आशीर्वादित केली, ऑल्विननी ती हाताने पुरली. दगडावर पांढरं कापड होतं ते त्यांनी मला काढायला सांगितलं. "तुमच्या प्रश्नामुळे सापडली ती. तुम्ही काढा."

मी कापड ओढलं. सगळ्यांत वर थेरेसाचं नाव, नवं, कडा अजून पांढऱ्या. खाली तिचा नवरा, मग तिचा मुलगा, मग ओळीने सगळे. शेवटून दुसऱ्या ओळीत ऑल्विन आणि त्यांची बायको. बायकोपुढे दोन सालं, ऑल्विनपुढे एकच. आणि सगळ्यांत खाली पॉलचं नाव, त्याच्या शेजारी माझ्या ज्योतीचं. जन्मसाल, एक आडवी रेघ, आणि पुढे जागा मोकळी.

जिवंत लेकराचं नाव कबरीवर! माझी लेक शेजारी धडधाकट उभी, आणि यांनी तिच्यासाठी रेघ ओढून ठेवलेली. मी कापड तिथेच टाकलं आणि फाटकाकडे चालू लागले. ज्योती मागून धावत आली.

"आई, थांब. आई, इथे असंच करतात गं. आधीच कोरून ठेवतात, नॉर्मल आहे इथे. कोणाला काही वाटत नाही."

"मला वाटतं. कोणी विचारलं होतं तुला? का तसंच कोरलं?"

ती म्हणाली, "विचारलं होतं. मी हो म्हटलं."

समोर उभं राहून कोणी खोटं बोललं तर मला कळतं. पोर खरं बोलत होती. थोडी वर्षं फक्त, येऊ गं, पॉलला वाडी आवडेल, सगळ्याचं उत्तर मिळालं. बसून बोलायचं काही उरलंच नाही. मला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली, की इतकी वर्षं मला कळलं कसं नाही.

ऑल्विन धापा टाकत आमच्यापर्यंत आले. माझा चेहरा पाहून ते काय ते समजले. म्हणाले, "माझं चुकलं. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं." मग थांबून श्वास घेतला. "लांबून आलेल्या मुलीला आम्ही एकदा विसरलो. शंभर वर्षं विसरलो. माझ्यामागे तुमच्या मुलीला कोणी परकी म्हणू नये, एवढंच माझ्या मनात होतं. म्हणून दगडावर घातलं. बोलण्यावर नाही ठेवलं." आणि मग, "थेरेसाची आई इथे कधी आली नाही. तिला जागासुद्धा कळली नसेल. तुम्ही आलात."

मी परत त्या दगडापाशी गेले. ज्योतीने ओंजळ धरली, पॉलने कोटाचा आडोसा केला, तेव्हा कुठे मेणबत्ती लागली.

आपल्याकडे मुलीला निरोप देताना तिचा हात सासूच्या हातात द्यायचा असतो. ज्योतीचं लग्न झालं तेव्हा मी नव्हते, आणि या घरात हात घ्यायला विहीण नव्हती. ते तसंच राहून गेलं होतं. मी ज्योतीचा हात धरला आणि त्या दगडावर, सगळ्यांत वरच्या नावावर ठेवला. दगड फार गार होता. आमच्याकडे थेरेसाला तेरेज म्हणतात, म्हणून मी आमच्याच बोलीत म्हटलं, "तेरेजबाय, लेक तुमच्या पदरात घातली. सांभाळा."

ज्योती ते सगळ्यांना इंग्रजीत सांगू लागली. सांगायची गरज नव्हती. ऑल्विननी टोपी काढली होती.

परत आल्यावर माझी जाऊ सामान उतरवायला आली. नायगारा नाही पाहिला म्हटल्यावर तिने मुद्द्याचं विचारलं.

"मंग ज्योती कवा येनार परत?"

"आता परत नाय येनार," मी म्हटलं. "आली तर माहेरपनाला येईल."